चौथा हात

मोठीला राग आला की ती चादरींच्या घड्या फार सुबक घालते. दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिच्याबरोबर काम करणाऱ्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी तर पट्टी लावून मोजाव्यात अशा घड्या निघत होत्या, तेव्हा कुणी तिच्या वाटेला गेलं नाही.

सकाळी डबा भरताना लेकीने सहज सांगितलं होतं, "आई, मावशीने मला सेटर केलंय."

मावशी म्हणजे मोठीची पाठची बहीण, लेकीच्या शाळेत खेळाची शिक्षिका. घरी दोघींना मोठी आणि धाकटी असंच म्हणायचे, ते जन्माचं चिकटलं. दोघी बारा वर्षं एकाच व्हॉलीबॉल संघात खेळल्या. मोठी सेटर. मागच्या कुणीतरी सर्व्हिस उचलायची, मोठीने तो बॉल धावत जाऊन बोटांवर घ्यायचा आणि जाळीच्या कडेला हवेत अलगद ठेवायचा, आणि धाकटीने उडी मारून तो समोरच्यांच्या डोक्यात घालायचा. टाळ्या धाकटीला. पेपरात फोटो धाकटीचा. एका फोटोत कडेला मोठीचं कोपर आलं होतं, ते कात्रण तिने जपून ठेवलंय. कुणी विचारलं तर सांगते, "हे कोपर माझं."

त्या स्मॅशच्या जोरावर धाकटीला शाळेत नोकरी लागली आणि मोठीला धुलाईखाना. त्याचंही मोठीला फार वाटलं नसतं. पण नोकरी लागल्यावर धाकटीचा सत्कार झाला, त्यात तिने आईबाबांचे आभार मानले, प्रशिक्षकांचे मानले, संघाची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरचेसुद्धा मानले. मोठी पहिल्या रांगेत बसली होती. तिचं नाव काही आलं नाही. त्याला अठरा वर्षं झाली, तरी मोठीच्या डोक्यात तो माइक अजून चालूच आहे.

आणि आता लेकीची पाळी! पोर सहा फुटांना टेकलेली, उडी अशी की शाळेत तिला शिडी म्हणतात, आणि तिला सेटर?

काम सुटल्यावर मोठी तडक शाळेत गेली.

"तिला मारायला शिकव," ती दारातूनच म्हणाली.

"ताई, बस तरी आधी. तिचे हात सेटरचे आहेत."

"तिचे हात माझ्या पोटातून आलेत, मला नको सांगूस! एक हमाल करून झाली, आता दुसरी हवीय तुला?"

धाकटीने हातातली शिट्टी टेबलावर ठेवली. तीही त्याच आईची लेक, राग तिच्याही नाकावर असतो. "रविवारी ये मैदानावर. वाळूवर खेळू. तू आणि पोर एका बाजूला, मी आणि चित्रकलेच्या बाई दुसऱ्या. एकवीसचा एकच डाव. जिंकलात तर करते तिला स्मॅशर. हरलात तर ती सेटर, आणि तू मध्ये बोलायचं नाहीस."

"येते," मोठी म्हणाली. खेळाच्या हॉलच्या मागे शाळेने नवीन वाळूचं मैदान केलं होतं. मोठीने आयुष्यात वाळूवर पाय ठेवला नव्हता, पण रागाच्या भरात ते लक्षात कोण घेतो.

रविवारी पहिल्या पाच मिनिटांत तिला कळलं, आपण सापळ्यात पाय दिलाय. हॉलमध्ये संघात सहाजणी असतात, सेटरने सर्व्हिस उचलायची वेळच येऊ देत नाहीत, तिला बाकीच्यांच्या आड ठेवतात. वाळूवर दोघीच, आड कुणाच्या जाणार? जिच्यावर सर्व्हिस येईल तिने उचलायचं, जोडीदारणीने वर ठेवायचं, आणि उचलणारीनेच जाऊन मारायचं. धाकटीने एकूण एक सर्व्हिस मोठीवर टाकली. मोठीने मनातल्या मनात तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग आठवलं की पिढ्या आपल्याही त्याच.

पहिल्यांदा तिने सेटरची जुनी चलाखी केली, मारल्यासारखं दाखवून बोटांनी बॉल हळूच पलीकडे टाकला. शाळेचा शिपाई पंच होता. त्याने शिट्टी मारली.

"वाळूवर बोटांनी टाकलेलं चालत नाही, ताई. मुठीने टाका, नाहीतर मारा."

"कळलं!" ती त्याच्यावरच खेकसली.

मग मारावंच लागलं. लेकीने वर ठेवलेला बॉल खुंटीला अडकवल्यासारखा हवेत थांबायचा, ना पुढे ना मागे. वाऱ्याचा अंदाज घेऊन, आईच्या दमलेल्या पायांचा अंदाज घेऊन पोर तो ठेवत होती. मोठीने तो असा हाणला की चित्रकलेच्या बाई वाळूत बसल्या. बेचाळिसाव्या वर्षी तिने पहिल्यांदा कुणाचा तरी बॉल मारला होता. काय मजा होती त्यात! ही मजा बारा वर्षं धाकटीने एकटीने खाल्ली, या विचाराने तिचं डोकं आणखी तापलं. आणि पोरीचे हात खरंच सेटरचे आहेत, आपल्यापेक्षाही मऊ, हे दिसत होतं त्याचाही राग आला.

वीस-एकोणीस. धाकटीचा एक गुण बाकी.

धाकटीने उडी मारून स्मॅश मारला. मोठी जाळीवर हात वर करून ब्लॉकला उभी होती, बॉल तिच्या बोटांना घासून मागे गेला. लेकीने वाळूत सूर मारून तो उचलला. बॉल मोठीकडे आला, आणि तिच्या हातांनी तिला न विचारता जन्मभराचं काम केलं. जाळीच्या कडेला, उंच, अलगद ठेवला. धावत येऊन लेकीने तो उडी मारून असा हाणला की वाळूत खड्डा पडला.

शिट्टी वाजली. शिपायाने चार बोटं दाखवली.

बॉल तीन हातांत पलीकडे गेला पाहिजे. हॉलमध्ये ब्लॉक करताना बॉलला लागलेला हात त्यात मोजत नाहीत. वाळूवर मोजतात. ब्लॉकचा एक, पोरीचा दुसरा, मोठीने ठेवला तो तिसरा. तो मोठीनेच पलीकडे ढकलायचा होता. डाव हरला.

"मोजता येत नाही का तुला?" मोठी पोरीवर ओरडली. "चौथा हात होता!"

"माहीत होतं."

"मग मारलास कशाला?"

"इतका सुंदर दिला होतास," पोर अंगावरची वाळू झटकत म्हणाली. "तो काय खाली पडू देऊ? आणि आई, मला सेटरच व्हायचंय. मला कुणी विचारलंच नाही."

मोठी जाळीखालून वाकून धाकटीसमोर जाऊन उभी राहिली.

"सत्कारात माझं नाव का नाही घेतलंस?"

धाकटीला कुठला सत्कार हे विचारावं लागलं नाही. तिने पायाने वाळू उकरली.

"सुचलंच नाही, ताई. ड्रायव्हर दोनदा उशिरा आला होता, म्हणून तो लक्षात राहिला. तू एकदाही चुकली नाहीस."

मोठीचा हात उठता उठता राहिला. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने वाळूच्या नावावर खपवलं.

"पोर सेटर होईल," ती म्हणाली. "पण प्रत्येक गुणाला माइकवर तिचं नाव आधी, मारणारीचं नंतर. एकदा जरी विसरलीस, तर मी मैदानात उतरेन."

पुढच्या महिन्यात शाळेचा सामना झाला. पहिलाच स्मॅश पडला आणि माइकवर धाकटीने सेटरचं नाव घेतलं, मग मारणारीचं. प्रेक्षकांत मोठी धुलाईखान्याच्या एप्रनमध्येच उभी होती, पाळी संपवून धावत आलेली.

"ऐकू आलं नाही!" ती तिथून ओरडली. "पुन्हा घे!"

धाकटीने पुन्हा घेतलं.