कमरेचा दुपट्टा

बँकॉकमध्ये पासपोर्ट हरवल्यावर मी रडलो, असे जावई राजुऱ्यात सांगत फिरतो. साफ खोटे. त्याच संध्याकाळी परतीचे विमान होते, म्हणून मी पोलीस ठाण्यात ओरडत होतो, इतकेच.

माझी बोली ऐकून आणि उपरण्यासारखा दुपट्टा कमरेला बांधलेला पाहून बाकावरची एक अनोळखी बाई तोंडाशी पदर धरून हसली. ती आमच्या राजुऱ्याशेजारच्या कोरपन्याची निघाली.

"काऊन ओरडून राह्यले, भाऊ? तक्रारीचा कागद घ्या, दूतावासात जा, ते घरी जायचा दाखला देतात. पण आधी कमरेचा दुपट्टा सोडून पाहा. आमचा बुढा बाजारात जाताना सारं तिथीच बांधते."

मी सोडला. पासपोर्ट आतच होता. ठाणे हसले, मीही हसलो.

जावई म्हणतो, मी विसरलो. मी तो आपल्याकडच्या रीतीने जपला होता, म्हणूनच आपल्याकडच्या बाईला सापडला.