मागच्या गेटची विहीर

सुनीती देवस्थळी यांनी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत एकच काम केलं. पोलादी टेपच्या टोकाला वजन बांधायचं, खालच्या मीटरभर पट्टीला निळा खडू फासायचा आणि टेप विहिरीत सोडायची. वर ओढली की खडू जिथवर भिजलेला, तिथवर पाणी. आकडा लिहून पुढच्या विहिरीकडे निघायचं. दिल्लीच्या आसपासच्या दोनेकशे विहिरी त्यांनी अशा मोजल्या आणि दरवर्षी त्यांतल्या काही कोरड्या पडल्या म्हणून यादीतून खोडल्या. करोल बागेत वाढलेल्या या बाईंना विहिरींची भीती अशी कधी वाटली नव्हती.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडे, अनुरागकडे राहायला आल्या. नोएडाच्या पलीकडची नवीकोरी सोसायटी, चार टॉवर, सगळीकडे फरशा. मातीचा एक तुकडा दिसत नव्हता.

ऑगस्टमधल्या एका दुपारी मागच्या गेटचा गार्ड हरपाल त्यांच्यापाशी आला. "मॅडम, मॅनेजर साहब से कहिए, मेरी ड्यूटी आगे लगा दें. बारिश में यहाँ कोई साँस लेता है."

त्या छत्री घेऊन त्याच्यामागून गेल्या. सी टॉवरमागे, रस्त्याच्या कडेला जमिनीतून एक पाइप वर आला होता. पाऊस कोसळत होता, आणि पाइपमधून हवा येत होती. थंड, शेवाळाचा आणि डिझेलचा वास असलेली. एक लांब उच्छ्वास, मग थांबा, मग पुन्हा उच्छ्वास. सुनीतीबाईंनी पाइपच्या तोंडाशी हात धरला. हे कशामुळे होतंय ते त्यांना कळत होतं: आवारातलं सगळं पाणी गटारातून खाली पडत होतं आणि खालची हवा वर ढकलली जात होती. तरीही त्यांनी हात पटकन मागे घेतला.

मान वर केली तेव्हा त्यांना कुंपणापलीकडचा विजेचा मनोरा दिसला. तो त्यांनी पूर्वी पाहिला होता.

घरी येऊन त्यांनी जुन्या डायऱ्या काढल्या. १९९३ सालची नोंद सापडली. मनोऱ्यापासून पूर्वेला चाळीस पावलं, विटांची विहीर, खोली चौदा मीटर, पाणी चार मीटरवर. ते गावही आठवलं. तिथली एक म्हातारी टेप सोडू देईना. "पहले आवाज दे ले बेटी," ती म्हणाली होती, "फिर डालना." तिथल्या बायका बादली सोडण्याआधीही आत हाक मारत. का, ते कोणी सांगितलं नाही.

सोसायटीच्या नकाशात त्याच जागी लिहिलं होतं: पाऊसपाणी जिरवण्याचा खड्डा क्रमांक तीन. बिल्डरने खड्डा खणलाच नव्हता. विहिरीवर स्लॅब टाकून तिच्यात गटारं सोडली होती आणि वरून रस्ता नेला होता.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर हरपालने विहिरीवरच्या स्लॅबमधलं लोखंडी झाकण उचललं. सुनीतीबाईंनी टेप सोडली. दहा मीटर. चौदा मीटर. इथे वजन टेकायला हवं होतं, पण ते टेकलं नाही. सोळा, अठरा, वीस. टेप संपली तरी वजन लोंबकळतच होतं. खालून पाणी वाहत असल्याचा आवाज स्पष्ट येत होता. टेप वर ओढली तर खडूवर नुसते शिंतोडे होते.

"पानी किधर जा रहा है, मॅडम?" हरपालने विचारलं.

त्या मागच्या गेटमधून बाहेर पडून शेजारच्या प्लॉटवर गेल्या. तिथे तीन मजली तळघरासाठी खोल खड्डा खणला होता आणि खड्ड्यात पाणी भरू नये म्हणून भोवतीचे पंप दिवसरात्र जमिनीतलं पाणी उपसून नाल्यात टाकत होते. त्यांनी त्या पाण्याखाली ओंजळ धरली. ओंजळीत वाळू उरली. तिला डिझेलचा वास होता.

पंप विहिरीचा तळ ओढून नेत होते. सोसायटीच्या रस्त्याखालची जमीन थोडी थोडी करून नाल्यातून वाहून चालली होती.

त्यांनी अनुरागला ऑफिसात फोन केला. "मागचा रस्ता आत्ताच्या आत्ता बंद करायला सांग. आणि बोअरचं पाणी पिऊ नका."

"आई यार, मी मीटिंगमध्ये आहे. मॅनेजरला मेल टाकतो ना."

"अडीचला स्कूल बस येते रे त्या रस्त्याने."

मॅनेजर म्हणाला, इंजिनिअर सोमवारी येईल. तेव्हा सुनीतीबाईंनी गार्डच्या केबिनमधली प्लास्टिकची खुर्ची उचलली, मागच्या गेटच्या तोंडाशी मधोमध ठेवली आणि त्या तिच्यात बसल्या. गाड्या हॉर्न देऊ लागल्या. एका बाईंनी काच खाली करून विचारलं, "आंटीजी, तबीयत ठीक है?" अडीच वाजता पिवळी बस आली. ड्रायव्हर आधी ओरडला, मग हात जोडू लागला, शेवटी बस वळवून पुढच्या गेटकडे घेऊन गेला. मुलं खिडक्यांतून त्यांच्याकडे बघत होती. त्या मात्र रस्त्याकडे बघत होत्या. मेल टाकूनही चैन न पडल्याने अनुराग चारला धावत आला. "आई, लोक व्हिडिओ काढतायत. चल ना, प्लीज."

"तू माझ्या मागे उभा राहा. तिथून पुढे येऊ नकोस."

सव्वापाचच्या सुमारास, पाऊस नसताना, पाइपने श्वास घेतला. या वेळी हवा आत जात होती. पाइपशेजारचं कोरडं पान उडून तोंडाशी चिकटलं आणि आत ओढलं गेलं. मग रस्त्याच्या फरशा मधोमध हळूच खाली झुकल्या, आवाज न करता, आणि दिसेनाशा झाल्या. एक आख्खी बस मावेल एवढा खड्डा पडला. पडलेल्या फरशांचा आवाज बराच उशिरा आला.

अनुरागने आईचा खांदा घट्ट धरला होता.

पुढे महिनाभर तपासण्या चालल्या. शेजारचे पंप बंद झाले. सोसायटीच्या बोअरमध्ये गटाराचं पाणी मिसळलेलं निघालं. लोकांना टँकरवर राहावं लागलं आणि त्याचा राग काही जणांनी सुनीतीबाईंवरच काढला. लिफ्टमध्ये दोन बायका त्यांना पाहून बोलायच्या थांबत. खालची पोकळी खडी भरून बुजवली. विहीर मात्र बुजवू नका, असं सुनीतीबाईंनी समितीला पटवलं. तिला कठडा बांधला, वर जाळी बसवली. आता तिच्यात फक्त गच्चीवरचं पाणी जातं, तेही आधी टाकीत निवळून, वाळूतून गाळून. रस्त्यावरचं पाणी वेगळं बाहेर काढलं.

दर रविवारी सकाळी त्या पातळी मोजतात. गुडघे दुखू लागल्यापासून टेप अनुराग धरतो. जानेवारीत पाणी साडेबारा मीटरवर आलं होतं. तेव्हा दोन महिन्यांत पाऊस झाला नव्हता, आणि पाणी निश्चल दिसत होतं.

"आई," अनुराग हळूच म्हणाला, "टेपला ओढ येतेय."

"वजन जाळीला अडकलं असेल."

"नाही. खालून येतेय. थांबून थांबून."

सुनीतीबाईंनी टेपवर दोन बोटं ठेवली. क्षणभर तशीच ठेवली. मग त्यांनी जाळीवर वाकून, विहिरीत, मोठ्याने हाक मारली, "ओ!" आणि अनुरागला म्हणाल्या, "आता ओढ वर. सावकाश."