कंबर चौतीस

सुट्ट्या संपल्या की पहिल्याच सोमवारी मास्तरांच्या दुकानासमोर रांग लागायची. प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत पँट नाहीतर कोट, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: "मास्तर, धुतल्यावर आटली हो ही!" दोन आठवडे सगळी गल्ली गोडधोड आणि तळलेलं हाणून बसलेली असायची, पण आटायचं मात्र कापड. मास्तर पँट उलटी करायचे, मागची शिवण चाचपायचे आणि गंभीरपणे मान डोलवायचे. "आटतंच. हल्ली सुतात दम राहिला नाही." गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडायचा.

मास्तर म्हणजे शिंपी. पोस्ट ऑफिसाच्या शेजारी, बोळकांडीएवढ्या दुकानात, दोन मशिनं आणि एक इस्त्री घेऊन चाळीस वर्षं बसलेला माणूस. गळ्यात टेप असायची, पण ती दागिन्यासारखी. मापं ते नजरेनंच घ्यायचे. माणूस पायरी चढून आत येईपर्यंत त्याची छाती, कंबर, खांदा डोक्यात नोंदवून मोकळे. आकडा मात्र तोंडातून काढायचा नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं त्यांचे वडील सांगून गेले होते. "गिऱ्हाइकाला कपडा दे, आकडा देऊ नकोस." मास्तर स्वतः बारा महिने नाडीची पँट घालायचे. कुणी चिडवलंच तर म्हणायचे, "नाडीला नंबर नसतो बाबा."

या रांगेत एक माणूस कधीच उभा राहायचा नाही. तो पोस्टातला कारकून, मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त. त्याला सगळे चौतीसराव म्हणायचे, आणि हे नाव त्यानं स्वतःच ओढवून घेतलं होतं. "लग्नात माझी कंबर चौतीस होती, आजही चौतीस आहे," हे तो तिकीट चिकटवताना, रजिस्टर करताना, कुणी विचारो न विचारो, सांगायचा. राहणी एकदम झोकात. पँटची घडी अशी की काकडी चिरावी, बूट चकचकीत, सदरा नेहमी आत खोचलेला. पोट सुटलेले सहकारी उकडलेल्या भाज्यांचे डबे आणायला लागले की हा त्यांच्यासमोर केकचा दुसरा तुकडा उचलायचा. "खा रे! माझ्याकडे बघा. शरीराला शिस्त असावी लागते."

बायकोनं डॉक्टरांकडून तपासून घ्या म्हटलं की तो पँटचं बटण लावून दाखवायचा. "हे बघ, बसलं! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

आता खरी गोष्ट अशी की ते बटण मास्तर बसवत होते.

याची सुरुवात अगदी साधी झाली. वीसेक वर्षांपूर्वी, अशाच सुट्ट्यांनंतर, चौतीसरावानं इस्त्रीला पँट टाकली आणि जाताजाता म्हणाला, "जरा घट्ट झाल्यासारखी वाटते रे. म्हातारा झालो की काय?" त्याचा चेहरा इतका पडलेला होता की मास्तरांना राहवलं नाही. शिवणीच्या आत शिंपी थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. मास्तरांनी त्यातलं अर्धा इंच सोडलं, इस्त्री फिरवली आणि पँट परत दिली. दुसऱ्या दिवशी दोस्त शीळ घालत आला. मग बहुतेक दर वर्षी तेच. माया संपली की नवी पँट शिवायची वेळ यायची, तेव्हा मास्तर खरं माप नजरेनं घेऊन शिवायचे आणि कंबरपट्टीच्या आत लेबल लावायचे: ३४. अशा लेबलांची एक गुंडाळीच त्यांनी खणात ठेवली होती. एका गिऱ्हाइकासाठी!

यात आपण काही वाईट करतोय असं मास्तरांच्या मनातही आलं नाही. उलट स्वतःच्या बायकोला ते कौतुकानं सांगायचे. बायको म्हणायची, "तुमच्या लाडानं एक दिवस त्याचं वाटोळं होईल." मास्तर हसण्यावारी न्यायचे.

यंदाच्या सुट्ट्या संपल्या आणि मास्तरांना दोन गोष्टी खटकल्या. चौतीसराव दुकानात आला की आधी पाण्याची बाटली तोंडाला लावायचा आणि रिकामी करूनच ठेवायचा. शिवाय तो चक्क चपला घालून फिरत होता. उजव्या पायाच्या करंगळीला फडकं बांधलेलं.

"बूट चावला," तो म्हणाला. "महिना झाला. होईल बरं."

"महिना?" मास्तरांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं आणि दोरा ओवला गेला तसा तो विषयही गेला.

मग तो गुरुवार उजाडला. पोस्टखात्यानं पहिल्यांदाच तयार युनिफॉर्म पाठवले. सुट्ट्यांआधी सगळ्यांकडून मापं लिहून घेतली होती. चौतीसरावानं आपलं माप ऐटीत, जरा मोठ्याच अक्षरात लिहिलं होतं. दुपारी खोकी फुटली. मागच्या खोलीत, टपालाच्या पोत्यांच्या आडोशाला, सगळे युनिफॉर्म घालून बघायला लागले. चौतीसची पँट चौतीसरावाच्या मांड्यांच्या वर सरकेना. तो हसला. मग दुसऱ्यांची छत्तीस मागून घेतली, मग अडतीस. हसू आटलं. चाळीसची वर आली, पण बटण आणि काज एकमेकांकडे बघत राहिले. उकडलेल्या भाज्यांवाला सहकारी तेवढ्यात आपली छत्तीसची घालून बाहेर आला. सगळे आपापली बटणं लावण्यात गुंतले. हसले असते तर बरं झालं असतं.

चौतीसराव तसाच, कमरेला टपालाची सुतळी बांधून, मास्तरांच्या दुकानात शिरला. चेहरा लालबुंद.

"मास्तर, टेप काढ! यांनी सगळे नंबर चुकीचे छापलेत. माझी बदनामी चाललीय तिथं. तू माप घे आणि कागदावर लिहून सही कर. कंबर चौतीस. मी वर तक्रार करतो."

मास्तरांच्या हातातली कात्री टेबलावर पडली.

"अरे बस आधी. पाणी पी."

"पाणी नको! म्हणजे, दे. पण आधी माप. वीस वर्षं तूच शिवतोयस, तुझ्यापेक्षा मोठा साक्षीदार कोण?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मास्तरांनी त्यांना उद्या यायला सांगितलं, दार ओढून घेतलं आणि गळ्यातली टेप काढली. दोस्ताच्या पोटाभोवती टेप फिरवली आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आकडा उच्चारला.

"साडेएकेचाळीस."

"काय?"

"साडेएकेचाळीस रे."

"टेप बघ. तुझी टेप आटली असेल!" तो हसायला गेला आणि हसता हसता त्याचं मास्तरांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

मास्तरांनी मग काही लपवलं नाही. इस्त्रीसाठी आलेली त्याचीच पँट घेतली, उलटी केली, मागची शिवण उसवली. कापडावर जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा होत्या, एकीशेजारी एक, अर्ध्या अर्ध्या इंचावर. त्यांनी खण उघडून लेबलांची गुंडाळी समोर ठेवली. ३४, ३४, ३४, ३४.

चौतीसराव त्या भोकांवरून बोट फिरवत राहिला. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं होतं.

"म्हणजे मी सगळ्यांसमोर... इतकी वर्षं..." तो म्हणाला. "मी डॉक्टरकडे गेलो नाही रे. पँट बसते म्हणून गेलो नाही."

तो उठला आणि सुतळी धरून निघून गेला. पायरी उतरताना लंगडत होता. ते लंगडणं मास्तरांना त्या दिवशी प्रथम दिसलं. नजरेनं सगळ्या गल्लीचं माप घेणारा माणूस, आणि दोस्ताचं लंगडणं दिसू नये!

दुसऱ्या दिवशी सकाळी दोस्ताची बायको दुकानात आली. डोळे सुजलेले.

"भावोजी, त्यांना दवाखान्यात ठेवलंय. साखर इतकी वाढलीय की डॉक्टरांनी दोनदा तपासली. करंगळी काळी पडलीय. काढावी लागेल म्हणतात."

वहिनी, मला माफ करा, असं काहीतरी मास्तर पुटपुटले. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. ते जास्त लागलं.

"मी दर वर्षी सांगत होते हो. माझं ऐकत नव्हते. तुमचं ऐकलं असतं. कान सोनारानंच टोचायचे असतात, भावोजी. तुम्ही तर..." आणि ती गेली.

करंगळी गेली. मास्तर रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. आत जायची हिंमत होईना. इकडे दुकानात त्यांनी एक नवंच खूळ धरलं. कापड आटलं म्हणणाऱ्या प्रत्येकाला टेप लावून आकडा मोठ्यानं सांगायला लागले. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी आपला आकडा ऐकून आ वासला तो मिटेना. बेकरीवाल्यानं कोट हिसकावून घेतला आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही शिंपी आहात की पोलीस?" चार गिऱ्हाइकं कायमची तुटली. मुख्याध्यापिकाबाई मात्र आठवड्यानं परत आल्या, चालायला लागल्यात म्हणाल्या, आणि हळूच टेपकडे बोट दाखवलं. मास्तरांनी त्यांनी आणलेल्या ढगळ कोटांतले दोन बाद केले. पोट लपवायला ढगळ घालू नका, आहे त्या अंगाला नीट बसेल असं घाला, हे त्यांना सांगितलं आणि तिसरा कोट खांद्यात बसवून दिला. बाई त्यात खरंच उठून दिसल्या.

अडीच महिन्यांनी, भर दुपारी, चौतीसराव पायरी चढून आला. हातात काठी, पायात मऊ जाड बूट. चेहरा उतरलेला, पण डोळे स्वच्छ. जुनी पँट पट्ट्यानं आवळल्यामुळे कमरेपाशी चुण्या पडल्या होत्या. झोकात राहणाऱ्या माणसाला तसं बघवत नव्हतं. खिशातून त्यानं काकडीचा डबा काढून टेबलावर ठेवला, घड्याळ बघितलं आणि चार फोडी मोजून खाल्ल्या. मास्तर उभेच.

"माप घे," तो म्हणाला. "मोठ्यानं सांग."

दुकानात तिघं गिऱ्हाइकं होती. मास्तरांनी टेप लावली. "साडेअडतीस!" आवाज फुटला त्यांचा.

खांद्यावरच्या पिशवीतली दुसरी पँट चौतीसरावानं पुढे केली. "मग ही साडेअडतिसाला बसव. लेबलावर तेच घाल. आणि आतलं जास्तीचं कापड काप."

"कापू? अरे, पुढंमागं लागलं तर..."

"म्हणूनच काप."

चांगल्या कापडातली माया कापणं म्हणजे शिंप्याला पाप. मास्तरांनी चाळीस वर्षांत ते केलं नव्हतं. त्यांनी कात्री घेतली, शिवण घातली आणि आतली पट्टी सरळ कापून काढली. पट्टी जमिनीवर पडली. मास्तरांना हुंदका आवरेना. "तुझं बोट माझ्यामुळं गेलं रे," ते म्हणाले.

"तुझ्यामुळं अर्धं. अर्धं केकमुळं." चौतीसराव पँट बदलून आला, आरशात पुढून मागून बघून घेतलं, सदरा खोचला. मग त्यानं मास्तरांच्या गळ्यातली टेप ओढली. "आता तू."

"मी? छे! माझं कशाला?"

"आजवर तुझं माप कुणी घेतलंय?"

मास्तरांना आठवेना. वडिलांनी घेतलं असेल, लग्नाच्या वेळी. ते हसत हसत मागे सरकले, मशिनला टेकले. गिऱ्हाइकं बघायला लागली. चौतीसरावानं काठी भिंतीला लावली, सदरा वर केला आणि नाडीच्या वर टेप फिरवली. टोकं जुळवायला त्याला टेप बरीच सोडावी लागली. मग तो वाकून आकडा बघत राहिला, पोस्टात धूसर शिक्का वाचायचा तसा.

"सांग की," मास्तर म्हणाले. त्यांच्या घशाला कोरड पडली होती. सकाळपासून तिसरी बाटली संपली होती, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं.

"सेहेचाळीस."

"परत मोज."

चौतीसरावानं परत मोजलं. तोच आकडा. मास्तर मटकन स्टुलावर बसले आणि रिकाम्या बाटलीकडे बघत राहिले.

"उद्या सकाळी सात वाजता," दोस्त टेप गुंडाळत म्हणाला. "उपाशी पोटी ये. डॉक्टरांकडे माझा नंबर आहेच, तुझाही लावतो."