शिरेतोकोतला नवमीचा घास

उत्तर जपानमधल्या मेमानबेत्सुचा विमानतळ इतका लहान, की सामान येईपर्यंत अण्णांचा तो सगळा पाहून झाला. अण्णा म्हणजे माझे सासरे. साताऱ्याचे, बँकेतून निवृत्त झालेले आणि जंगलाचे वेडे. आफ्रिकेतल्या एखाद्या फारशी गर्दी नसलेल्या अरण्यात जाऊन राहायचं, हा त्यांचा आणि आईंचा जुना बेत. गेल्या वर्षी आई गेल्या आणि बेतही राहिला. अण्णा आमच्याकडे योकोहामाला आले, तेव्हा नवऱ्याने त्यांच्यासाठी शिरेतोको शोधून काढलं. होक्काइदो बेटाचं पार ईशान्य टोक. तिथे हिगुमा (तपकिरी अस्वल) दिसतात. विमान, गाडी, राहायची जागा, सगळं त्याने चोख ठरवलं. पंचांग तेवढं पाहिलं नाही. ऐन वेळी त्याला ऑफिसने अडकवून ठेवलं आणि आम्ही दोघंच निघालो.

उतोरो गावाकडचा रस्ता समुद्राच्या कडेने जातो. एका वळणावर एझोशिका (इकडचं हरीण) रस्त्याच्या मधोमध उभं होतं. हॉर्न वाजवायची मला लाज वाटली. अण्णांनी काच खाली केली आणि ते जाईपर्यंत बघत राहिले. शेजारच्या माणसाला काहीतरी दाखवायला हात उचलावा तसा त्यांनी उचलला आणि तसाच खाली घेतला.

संध्याकाळी भाड्याच्या घरात मी भाताचा कुकर लावला, तेव्हा ते म्हणाले, "सायली, उद्या अविधवा नवमी आहे." सवाष्ण गेलेल्या बाईचं पितृपक्षातलं श्राद्ध त्या दिवशी असतं.

"अण्णा, परत गेल्यावर करू या का?"

"तिथी थांबते का कुणासाठी? थोडी खीर कर, भात कर. कावळ्याला घास ठेवतो. बाकी काही नको."

सकाळी अंगणात घास ठेवायला गेलो, तर सगळीकडे नुसते समुद्रपक्षी. कावळा औषधालाही नाही. अण्णांनी घास आत घेतला. "कावळा शिवल्याशिवाय मी जेवणार नाही," ते म्हणाले. त्यांना मधुमेह. माझ्या जिवाला घोर लागला, पण जंगलातल्या पाच तळ्यांच्या वाटेवर नेणाऱ्या वाटाड्या ओनो-सान वाट पाहत होत्या.

आत जाण्याआधी त्यांनी नियम सांगितले. खाण्याचं काहीही जवळ ठेवायचं नाही. मी मराठीत सांगितलं. अण्णा म्हणाले, "मला आज उपवासच आहे, मी काय खाणार?" मी हसले. त्यांचा खिसा तपासायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

प्रत्येक वळणावर ओनो-सान टाळ्या वाजवायच्या, आपण येतोय हे अस्वलांना कळावं म्हणून. दुसऱ्या तळ्यापाशी त्यांनी हात वर केला. पलीकडच्या काठावर अस्वलाची मादी मुळं उकरत होती आणि पिल्लू तिच्या पायात पायात करत होतं. अण्णांनी हात जोडले. मघापासूनचं सगळं ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

ती दोघं झाडीत गेली आणि वर कुठेतरी कावळा ओरडला. मी मागे वळले. अण्णांनी खिशातून फॉइलची पुडी काढून घास एका आडव्या पडलेल्या खोडावर ठेवला होता आणि ते मागे सरकून उभे होते. वरच्या फांदीवर कावळा.

"घे गं," अण्णा हळूच म्हणाले.

ओनो-सान धावत आल्या. "ते उचला. आत्ताच्या आत्ता."

"त्यांना सांग, पितरांना ठेवलेला घास आम्ही उचलत नाही," अण्णा म्हणाले. "तो बघ, आलाच आहे. थोडा वेळ द्या म्हणावं. माणसाने उचलला तर ती उपाशी जाईल."

कावळा एक फांदी खाली उतरला. घेऊन टाक रे बाबा एकदाचा, असं मला मनापासून वाटलं. ओनो-सान मात्र माझ्याकडे बघत बोलत होत्या. मागे कुणीतरी वाटेवर डब्यातलं अन्न टाकून गेलं. ते एका तरण्या मादीने खाल्लं. मग त्या चवीसाठी ती गावात, शाळेपर्यंत येऊ लागली. शेवटी तिला गोळी घालावी लागली. "पिल्लू होती तेव्हापासून मी तिला ओळखत होते." त्या म्हणाल्या. मी शब्द न् शब्द अण्णांना सांगितला.

"मघाचं पिल्लू याच वाटेने येतं का?" त्यांनी विचारलं.

मी विचारलं. येतं, त्या म्हणाल्या.

अण्णा खाली वाकले. घास उचलला. सांडलेली शितं एकेक करून वेचली. ओनो-साननी आपला रुमाल ओला करून खोड पुसलं आणि त्यांच्यापुढे कमरेत वाकून नमस्कार केला. कावळा थोडा वेळ बसला आणि निघून गेला. मला रडू आवरेना.

गाडीत बसलो तरी सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. "अण्णा, पाया पडते, काहीतरी खा." त्यांनी पुडी उघडली आणि तोच घास तोंडात घातला. मी बघतच राहिले. असं कुणी करत नाही.

योकोहामाला परतलो त्या दिवशी साताऱ्याहून आत्यांचा, म्हणजे अण्णांच्या धाकट्या बहिणीचा, फोन आला. पहिला प्रश्न, "दादा, कावळा शिवला का?"

मला वाटलं, अण्णा हो म्हणून मोकळे होतील.

"नाही शिवला. तो घास मीच खाल्ला," ते म्हणाले. "अगं, मी जेवल्याशिवाय ती कधी जेवली होती का? मी उपाशी असताना ती घास घेणार होती कशी?"

फोन ठेवून ते जेवायला बसले. वाढायचं थांबवून मीही त्यांच्या शेजारी माझं ताट घेतलं.