नाककाका आणि परत आलेला टँकर

तेलाच्या कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीत त्यांना सगळे नाककाका म्हणत. टाकीतलं तेल बाहेर जाण्याआधी ते चार थेंब तळहातावर घ्यायचे, हातावर हात घासून गरम करायचे आणि डोळे मिटून हुंगायचे. काकांनी मान हलवल्याशिवाय टँकर भरायला सांगायची मॅनेजरसाहेबांचीही टाप नव्हती.

खोलीत नवीन माणूस आला की काकांच्या अंगात मास्तर संचारायचा. "तेल म्हणजे काय? ग्लिसरॉलच्या दांडीला लटकलेल्या तीन शेपट्या. शेपट्या म्हणजे फॅटी अ‍ॅसिडं. काही सरळसोट, त्या संपृक्त. दाटीवाटीनं चिकटून बसतात, म्हणून खोबरेल थंडीत थिजतं. काहींत दुहेरी बंध असतो आणि शेपटी तिथे वाकते. त्या असंपृक्त. वाकड्यांची कधी नीट रांग लागलीय? म्हणून सूर्यफुलाचं तेल पातळच राहतं. पण हवेतला ऑक्सिजन घुसतो तोही त्या दुहेरी बंधापाशीच, आणि तेल खवट होतं."

मग ते आवाज खाली आणत. "आधी तयार होतं पेरॉक्साइड. ते आपण मोजतो. पण तेल फारच शिळं झालं की पेरॉक्साइडही मोडतं आणि आकडा परत खाली येतो. तेल कुजकं आणि आकडा गोंडस! अशा वेळी आकड्यावर जाऊ नका. नाकाला विचारा."

गेल्या थंडीत काकांना ताप आला. ताप गेला तो वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. आला नाही. काकांनी कामावर तोंडातून ब्र काढला नाही. नाकच गेलं तर नाककाकांना कुत्रं तरी विचारणार होतं का?

घर कारखान्याच्या मागेच होतं. नमुन्याची बाटली खिशात घालून काका जेवायच्या सुट्टीत घरी जायचे. बायको तेल हातावर चोळून हुंगायची आणि "बरं आहे" किंवा "शी, हे नको" म्हणायची. परत येऊन काका सगळ्यांदेखत डोळे मिटून हुंगायचे. नाटक झकास वठायचं आणि त्याची त्यांना रोज लाज वाटायची.

"अहो, सांगून टाका ना साहेबांना," ती म्हणायची. "माझ्या नाकावर किती दिवस नोकरी करणार?"

"आणि मग करू काय? मला दुसरं येतं काय?"

ती बाटलीला बूच लावून परत त्यांच्या हातात द्यायची.

मग बायकोला सर्दी झाली. नेमकं त्याच दिवशी मागच्या टाकीत कधीचं पडून असलेलं सूर्यफुलाचं तेल बाहेर काढायचं होतं. टँकर दारात उभा होता. पेरॉक्साइडचा आकडा अगदी कमी आला आणि काकांचा जीव भांड्यात पडला. ज्या आकड्यावर जाऊ नका म्हणून जन्मभर घसा कोरडा केला, त्याच आकड्यावर हा माणूस भुलला. त्यांनी डोळे मिटून तळहात हुंगला आणि मान हलवली.

टँकर आठवड्याच्या आत परत आला.

"बाटल्यांची अदलाबदल झाली असणार," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "काकांचं नाक चुकायचं नाही. काका, तुम्हीच बघा." आणि त्यांनी टँकरमधलं तेल काकांच्या हातावर ओतलं.

खोलीतल्या सगळ्यांचे हात नाकाकडे गेले. काका तळहात नाकापाशी धरून उभे होते, आणि त्यांच्या कपाळावर साधी आठीसुद्धा नव्हती. साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले.

"काका, कधीपासून?"

"थंडीपासून."

साहेबांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

काका घरी आले. बायकोची सर्दी एव्हाना बरी झाली होती. दार उघडताच ती नाकावर हात धरून मागे सरकली आणि मग काय झालं ते तिच्या ध्यानात आलं.

"आधी हात धुऊन या," ती म्हणाली.

काकांनी हातांना साबण लावला. साबणही त्याच शेपट्यांचा होतो, हे त्यांनी आजवर कितीजणांना समजावलं होतं. आता समजावायला कोणी नव्हतं. हात पुसून त्यांनी तिच्यासमोर धरले.

"बघ गं, गेला का वास?"

तिने त्यांचा तळहात बराच वेळ नाकाशी धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"गेला," ती म्हणाली.

काकांनी हात स्वतःच्या नाकापाशी नेला. मग ते पुन्हा नळाकडे गेले.