तारमास्तरांचा रेडिओ

डावा हात कानावरच्या हेडफोनवर, उजव्या हाताचं बोट वर. "गप्प! माणूस बोलतोय."

आमच्या तारमास्तरांचं हे वाक्य ऐकलं नाही असा लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत कुणी नव्हता. घरात पाहुणा असो, सासू असो की खुद्द स्टेशनमास्तर, बोट वर गेलं की तोंड मिटायचं. तुमच्याही शेजारी असा एखादा तिरसट माणूस राहून गेला असेल, तर त्याच्यावर जीव कसा जडतो हे तुम्हाला सांगायला नको.

मी पार्सल ऑफिसात, ते तारेवर. आमची घरं भिंतीला भिंत लागून. दिवसभर स्टेशनात कडकट्ट करून हा माणूस घरी यायचा आणि चहा पिऊन पुन्हा कडकट्टच करत बसायचा, फक्त बिनतारी. रेडिओची पेटी त्यांनी स्वतः जोडली होती, रीतसर सरकारी परवाना काढून. अंगणातल्या बांबूपासून मागच्या जांभळीपर्यंत एक लांब तार ताणलेली होती. तिच्या जोरावर ते दूरदेशीच्या अनोळखी माणसांशी बोलत. यातून मिळायचं काय, तर काही नाही. नाद.

वहिनी मावळातल्या टाकव्याच्या. शाळेत गेल्या नव्हत्या, पण नवऱ्याची टकटक ऐकून दोघांची एक घरगुती भाषा तयार झाली होती. मास्तर बाहेरून टेबल वाजवत, म्हणजे चहा. वहिनी आतून पातेल्यावर सांडशी आपटत, म्हणजे दूध संपलंय.

एका रविवारी सकाळी सिलोनमधल्या कुणा मळेवाल्यानं मास्तरांना उत्तर दिलं. मास्तर घामाघूम, आम्ही चाळकरी दारात खोळंबलेले.

"काय म्हनला?" वहिनींनी विचारलं.

"त्याच्याकडं पाऊस आहे."

"आनी तुमी?"

"आमच्याकडं ऊन आहे म्हटलं."

"एवढ्या लांबचा मानूस गाठला आनी पावसाचं इचारलं? बायकूचं नाव तरी इचारायचं!"

मास्तर खेकसले. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी खरोखरच विचारलं. एडिथ. त्या दिवाळीत करंज्या तळताना वहिनी मध्येच म्हणाल्या, "इडिताकडं काय करत असतील आज?"

मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि हुकूम निघाला की असे सगळे खाजगी संच सरकारजमा करावेत. मास्तर भांडकुदळ खरे, पण कायद्याचे पक्के. कुणी मागायला येण्याआधी त्यांनी पेटी सोडवली. वहिनींनी नव्यानं शिवलेल्या गोधडीत ती तान्ह्या मुलासारखी गुंडाळली. पोलीस कचेरीत मी बरोबर होतो. तिथल्या कारकुनानं पेटी पायानंच कोपऱ्यात सरकवली.

"पाय लावू नका," मास्तर म्हणाले. "आणि कोरड्या जागी ठेवा. ओल लागली की संपलं."

"मग काय, पूजा मांडू तिची?" कारकून म्हणाला आणि शेजारचे दोघे हसले. ते हसणं आठवलं की आजही माझ्या मुठी वळतात.

पेटी गेली, तार राहिली. वहिनी तिच्यावर कपडे वाळत घालू लागल्या. एका नव्या फौजदाराच्या डोळ्यांत ती तार खुपली. शिपाई घरात घुसले. लोणच्याच्या बरण्या पालथ्या केल्या, चूल उकरली, पिठात हात घातले. वहिनी हातात ओलं लुगडं धरून सांगत होत्या, "साहेब, ती कापडं वाळवायची तार हाय हो." कोण ऐकतो?

"अरे, मी स्वतः आणून दिलीय पेटी! तुमच्याच कचेरीत आहे!" मास्तर ओरडत राहिले. भर दुपारी, सगळ्या चाळीसमोर, त्यांच्या हाताला दोरी बांधून त्यांना नेलं.

काही निघालं नाही म्हणून सोडून दिलं. सोडलं, पण चुकलं असं कुणी म्हणालं नाही. उलट त्यांना तारेवरून काढून मालधक्क्यावर पोती मोजायला बसवलं, का तर संशय आला होता. संशय त्यांना यायचा आणि शिक्षा यांना!

लढाई संपली. पेट्या घेऊन जा, असा निरोप आला. या वेळी वहिनीही आल्या. कचेरीच्या ओसरीत साहेबाचा कुत्रा झोपला होता, वहिनींच्या गोधडीवर.

आत कारकुनानं टेबलावर एक गंजलेलं खोकं ठेवलं. आतले काचेचे दिवे, तारांची वेटोळी, सगळं कुणीतरी उपटून नेलेलं. तळाशी उंदराच्या लेंड्या.

"करा सही."

"हे माझं नाही," मास्तर म्हणाले. असा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"तुमचंच आहे. नको असेल तर भंगारात टाकतो."

तेव्हा वहिनी बाहेर गेल्या. कुत्र्याला हुसकलं, गोधडी ओढली आणि आत येऊन ती टेबलावर आपटली. धूळ आणि केस कारकुनाच्या तोंडावर उडाले.

"ही माजी गोधडी. हिच्यात घालून दिलं हुतं, ते कुटं हाय?"

"ओ बाई, आवाज खाली!"

"न्हाई करायची. घरी हे गप म्हनले की मी गप बसायची, पलीकडं मानूस बोलत आसायचा म्हनून. हितं मला मानूसच दिसंना!"

शिपायानं आम्हाला बाहेर काढलं. खोकं तिथंच राहिलं. सही झाली नाही.

मास्तरांनी राजीनामा दिला आणि आपल्या गावी, वडिवळ्याला, भातशेती करायला गेले. पुढं स्वातंत्र्य आलं. परवाने पुन्हा मिळू लागले होते. मी आनंदानं कामशेतला उतरून चालत त्यांच्याकडं गेलो. लावणी चालू होती. गुडघाभर चिखलात उभे राहून त्यांनी माझं सगळं ऐकलं.

"मास्तर, आता सरकार आपलं आहे."

"कारकून बदलला का?"

मी खिशातला परवान्याचा अर्ज पुढं केला.

"ज्यांनी माझी चूल उकरली, त्यांच्या दारात बोलायची परवानगी मागू? मला कुणाशी बोलायचं नाही. तुम्ही जेवून जा." एवढं बोलून ते वळले.

वहिनी मला बांधापर्यंत सोडायला आल्या. मी म्हणालो, "वहिनी, त्यांच्या मनातला हा राग तुम्हीच काढायला हवा. असा माणूस जळून जाईल."



"म्या न्हाई काढायची, भावजी. बाकी समदं नेलं त्यांनी. तेवढाच ह्यांचा ह्यांच्याकडं राह्यलाय."

मास्तरांची आणि माझी ती शेवटची भेट. रस्त्यावरून वळून पाहिलं तेव्हा ते वाकलेले होते, आणि रोपाची एकेक मूठ चिखलात अशी खुपसत होते की पाणी उडून त्यांच्याच तोंडावर येत होतं. ते पुसतही नव्हते.