कुमुदताईंनी यंत्रांना शिकवलेली भाषा

कुमुदताई गेल्याचा फोन धुळ्याहून त्यांच्या भावाने केला, तेव्हा मी कंट्रोल रूममध्ये होतो. मी ‘बरं’ म्हणालो, फोन ठेवला आणि अकरा वाजताचं तापमान नोंदवहीत लिहिलं. सहा आठवडे झाले… रडू अजून आलेलं नाही.

जळगावच्या आमच्या तेल कारखान्यात त्या इन्स्ट्रुमेंट विभागात होत्या. नव्वदनंतर यंत्रांवरची तापमान-दाबाची उपकरणं एकाच तारेवरून कंट्रोल रूमशी बोलू लागली आणि गोंधळ उडाला. प्रत्येक उपकरण सतत सगळंच सांगे. तार तुंबायची, कामाची सूचना मागे अडकायची. ताईंनी दोन महिने खपून निरोप छोटा केला. उपकरणाचा क्रमांक, आकडा, आणि तो नीट पोचला का हे तपासणारं एक अक्षर. तेही आकडा बदलला तरच. नाही बदलला, तर मिनिटाला एकदा नुसती हजेरी. हजेरी चुकली की पडद्यावर तो क्रमांक लाल.

मे महिन्यातल्या एका दुपारी सात नंबर लाल झाला. तो तेल काढायच्या ज्वालाग्राही सॉल्व्हंटच्या पंपावरचा, दाब सांगणारा. आमचे फोरमन आबा म्हणाले, “ताई, तार तुटी गयी व्हई.” शेवटचा आकडा तर अगदी ठीक होता. ताईंनी तरीही पंप बंद केला. सगळा प्लांट थांबला. मॅनेजर तणतणत आले, कुणाला विचारून बंद केला म्हणाले.

“साहेब, तो गप्प झालाय, एवढंच मला कळतंय,” ताई म्हणाल्या. “गप्प म्हणजे ठीक, असं मी कुठेही लिहिलेलं नाही.”

आबा बघायला गेले. पंपाचं बेअरिंग तापून काळंनिळं पडलं होतं, त्याला टेकलेली उपकरणाची तार वितळली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर भडका उडाला असता. शेजारी दोघं जण टाकी धूत होते. आबा परत आले ते पायरीवरच बसले… मॅनेजर केबिनमध्ये निघून गेले. त्या वर्षी ताईंची बढतीही झाली नाही. मी विषय काढला, तेव्हा त्यांनी माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं.

गेल्या रविवारी त्यांच्या पिंप्राळ्याच्या घरी गेलो. भाऊ सामान बांधत होते. विजेच्या प्रत्येक बटणाखाली ताईंच्या अक्षरातली कागदाची पट्टी होती: पंखा, ओटा, अंगण. ताईंच्या भावजयीने विचारलं, रंग द्यायचाय, पट्ट्या काढू का? मी ‘अंगण’ दाबलं. बाहेर टळटळीत उन्हात दिवा लागला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत उभे राहिलो. बंद करायला कुणी हात पुढे केला नाही.